घर शेवटी, आधी पाणी: अमेरिकेच्या वाळवंटी राज्यात लहान गाव निवडताना

फीनिक्सजवळचं चँडलर सोडून आम्ही न्यू मेक्सिकोतल्या सिल्व्हर सिटीला राहायला आलो आणि ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू झाले. कुणाला आता घरूनच काम करता येतं, कुणाला मुलांना सायकल फिरवायला मोकळा रस्ता हवा असतो, कुणी उन्हाळ्याला वैतागलेलं असतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या खाली आला नाही. तेव्हापासून फोन वाढले. पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडे घरं कितीला आहेत?"

माझं माहेर माण तालुक्यातलं दहिवडी. टँकर आला की घागर घेऊन पळणारी पोर मी. त्यामुळे माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "गावाला पाणी कुठून येतं ते बघितलंस का?"

बहुतेकांनी बघितलेलं नसतं. घराचे फोटो पाहिलेले असतात, शाळेचे गुण पाहिलेले असतात, सूर्यास्ताच्या रंगांवर जीव जडलेला असतो. म्हणून हा लेख त्या उलट क्रमाने लिहिला आहे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही राज्यं माझ्या पायाखालची, त्यामुळे भर त्यांच्यावर आहे; नेवाडातलं एक गाव शेवटी येईल.

पायरी १: पाण्याचं मूळ शोधा

इथल्या गावांना पाणी साधारण तीन वाटांनी येतं: दूरच्या नदीतून कालव्याने, जवळच्या डोंगरातून उतरणाऱ्या नदी-ओढ्यातून, नाहीतर जमिनीखालून. तुमच्या गावाची वाट कोणती, हे नगरपालिकेच्या पाणी विभागाला एक फोन केला की कळतं. लहान गावात फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः विहिरींवर जाऊन आलेला असतो आणि त्याला हे विचारलेलं आवडतं.

कालव्याचं पाणी म्हणजे मुख्यतः कोलोरॅडो नदी. १९२२ साली सात राज्यांनी ही नदी वाटून घेतली ती चांगल्या पावसाच्या वर्षांच्या हिशेबाने. कागदावर वाटलेलं पाणी आणि नदीतलं पाणी यांचा मेळ पुढे बसेना. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि ३३६ मैल लांबीच्या ज्या कालव्यातून फीनिक्स-टूसॉनला पाणी जातं, त्याला कात्री लागली. पहिली झळ पिनल काउंटीतल्या शेतकऱ्यांना बसली. आमच्याकडे कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावांचं जे होतं, तेच.

जमिनीखालच्या पाण्याचा मामला जास्त फसवा आहे. ॲरिझोनात १९८० साली भूजल कायदा झाला. फीनिक्स, टूसॉन, प्रेस्कॉट आणि पिनल हे पट्टे नियंत्रणाखाली आले, १९९४ मध्ये सांताक्रूझ वेगळा झाला. या पट्ट्यांत नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षांचं पाणी दाखवावं लागतं. ऐकायला भक्कम वाटतं. पण पट्ट्याबाहेर चित्र वेगळं: तिथे बहुतेक ठिकाणी उपसा किती करावा यावर जवळपास बंधन नाही आणि पुरेसं पाणी नसलं तरी डेव्हलपरला तसं कागदावर कळवून प्लॉट विकता येतो. तो कागद जाडजूड गठ्ठ्यात असतो. गठ्ठा वाचा.

विलकॉक्स आणि डग्लस ही दक्षिण-पूर्वेची खोरी याचं उत्तम उदाहरण. स्वस्त जमीन, विशाल आकाश, आणि शेजारी हजारो एकरांवर पिस्ते, मका नि लसूणघास. होय, आपल्याकडे गोठ्यापुरती एखाद्या गुंठ्यात लावतात तीच लसूणघास इथे वाळवंटात मैलोन्‌मैल पिकते. मोठ्या शेतांनी विहिरी खोल नेल्या तशा घरगुती विहिरी कोरड्या पडल्या, जमिनीला भेगा गेल्या. डग्लसच्या लोकांनी २०२२ च्या नोव्हेंबरात मतदान करून खोरं नियंत्रणाखाली आणलं; विलकॉक्सने तेव्हा नकार दिला, आणि अखेर २०२५ च्या जानेवारीत राज्यानेच ते केलं.

आम्ही स्वतः फसता फसता वाचलो ते अशाच एका खोऱ्यात. दोन एकर, जुनं घर, दारात भलंमोठं मेस्क्विटचं झाड. विकणारा म्हणाला, विहीर छान आहे. नवऱ्याने इसाराच्या रकमेची तयारीही केली होती. मी शेजारच्या आजोबांशी कुंपणावरून गप्पा मारल्या, तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की त्यांची विहीर दोनदा खोल करून झाली आहे आणि तिसऱ्यांदा करायला पैसे नाहीत. आम्ही गाडीत बसलो ते थेट चँडलर गाठलं.

असे आजोबा सगळ्यांना भेटत नाहीत, म्हणून ही कामं करा. ॲरिझोनात प्रत्येक नोंदलेल्या विहिरीला ५५ ने सुरू होणारा क्रमांक असतो. राज्याच्या जलविभागाच्या संकेतस्थळावर तो टाकला की विहीर कधी खोदली, किती खोल, तेव्हा पाणी किती फुटांवर लागलं, हे दिसतं. आजूबाजूच्या विहिरींचेही क्रमांक बघा. १९८५ ची विहीर दोनशे फुटांवर आणि २०२० ची सातशेवर असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. मिनिटाला ३५ गॅलनपर्यंत उपसणाऱ्या घरगुती विहिरींना फारशी परवानगी लागत नाही; हे सोयीचं वाटतं, पण शेजाऱ्यालाही तीच सूट असते.

पाण्याची चवही पाहू नका, प्रयोगशाळेचा अहवाल पाहा. या भागातल्या खडकांमुळे विहिरींत आर्सेनिक सापडतं. गावच्या नळाला कायद्याची मर्यादा आहे, अब्जात १० भाग. खाजगी विहिरीला कुणी विचारत नाही, तपासणी मालकानेच करायची. आर्सेनिकबरोबर युरेनियम, फ्लोराइड आणि नायट्रेटही तपासून घ्या, विशेषतः घरात बाळ असेल किंवा येणार असेल तर. नळाचं पाणी असेल तर गावाचा वार्षिक गुणवत्ता अहवाल मागा. तो दरवर्षी १ जुलैपर्यंत प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे.

आणि एक सापळा. ॲरिझोनात मोठा भूखंड पाच किंवा कमी तुकड्यांत विकला तर तो कायद्याने 'वसाहत' होत नाही, म्हणून शंभर वर्षांच्या पाण्याचा दाखला लागत नाही. असे तुकडे एकाला एक लागून पडत जातात आणि अख्खं गाव उभं राहतं. रिओ व्हर्दे फूटहिल्स हे त्यातलंच. तिथली शेकडो घरं टँकरवर होती, टँकर स्कॉट्सडेल शहराच्या नळावर भरत, आणि १ जानेवारी २०२३ ला शहराने तो नळ बंद केला. लाखो डॉलरच्या घरांतले लोक कागदी ताटल्यांत जेवले, पावसाचं पाणी बादल्यांत धरलं. ती बातमी मी माहेरी सांगितली तेव्हा आई म्हणाली, "तिथंबी टँकरच?"

न्यू मेक्सिकोत तत्त्व वेगळं: ज्याने पाणी आधी वापरलं त्याचा हक्क आधी. घरगुती विहिरीला बहुतेक ठिकाणी वर्षाला एक एकर-फूट, म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटरपर्यंत परवाना मिळतो. इथे जुन्या गावांमधून 'असेकिया' वाहतात, स्पॅनिश वसाहतीच्या काळापासूनचे सामुदायिक पाट. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे शिकवावं लागणार नाही. पाण्याची पाळी ठरवणारा 'मायोर्दोमो' म्हणजे आपला पाटकरीच. दर वसंतात सगळ्या हक्कदारांनी फावडी घेऊन पाट साफ करायचा किंवा बदली माणूस द्यायचा. घर पाटावरचं असेल तर दोन गोष्टी बघा: पाण्याचा हक्क जमिनीबरोबर येतो आहे की आधीच्या मालकाने वेगळा विकून टाकला, आणि वर्गणी थकलेली आहे का. ज्या गावात पाट अजून दरसाल साफ होतो, त्या गावात माणसं एकमेकांशी बोलतात. मला ही खूण शाळेच्या गुणांपेक्षा भरवशाची वाटते.

डोंगरातल्या पाण्यावरच्या गावासाठी वरचं जंगल पाहा. न्यू मेक्सिकोतल्या लास व्हेगासचं (जुगाराचं नव्हे, तेरा हजार वस्तीचं जुनं गाव) असं झालं: २०२२ च्या वसंतात वनखात्याने सुकं रान कमी करायला मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली, राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा झाला, आणि पावसाळ्यात राख गॅयिनास नदीत उतरली. ते पाणी शुद्धीकरण केंद्राला झेपेना. जुलैअखेर गावाकडे दोन महिन्यांहूनही कमी पुरेल इतकं स्वच्छ पाणी उरलं होतं. गावाला दुसरा स्रोत आहे का, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

पायरी २: उंची ठरवा

ही पायरी सोपी. इथे हवामान अक्षांशापेक्षा उंचीवर चालतं. दर हजार फुटांना साधारण साडेतीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतात. फीनिक्स अकराशे फुटांवर आहे. ४,००० ते ६,००० फुटांच्या मधलं गाव घ्या. त्याखाली भट्टी, आणि ७,००० च्या वर बर्फ. फ्लॅगस्टाफमध्ये वर्षाला शंभरेक इंच बर्फ पडतो आणि फावडं मारताना वाळवंटाचा विसर पडतो.

पायरी ३: दवाखान्याचं अंतर मिनिटांत मोजा

मैलांत नव्हे. डोंगरी रस्त्यावर चाळीस मैल म्हणजे तास असतो, जुलै-ऑगस्टच्या पावसाळ्यात त्याहून जास्त.

गावात रुग्णालय आहे एवढ्यावर समाधान मानू नका. प्रसूती होते का, हे स्पष्ट विचारा; अमेरिकेतल्या अनेक ग्रामीण रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद केले आहेत आणि पाटीवर ते लिहिलेलं नसतं. बालरोगतज्ज्ञ गावात राहतो की पंधरवड्याने येतो? नवा रुग्ण घेतो का? दात आणि डोळे यांचं काय? मुलाला दमा असेल तर धूळ आणि वणव्यांचा धूर लक्षात घ्या. गंभीर रुग्णाला इथून हेलिकॉप्टरने मोठ्या शहरात नेतात. २०२२ पासूनच्या केंद्रीय कायद्याने हवाई रुग्णवाहिकेच्या अवाच्या सवा बिलापासून विमाधारकाला संरक्षण आहे, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला मात्र तो कायदा लागू नाही. गंमतच आहे, पण तसं आहे.

लहान गावात भारतीय डॉक्टर भेटला तर नवल वाटून घेऊ नका. जे-१ व्हिसावर आलेल्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर त्याला मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळू शकते. प्रत्येक राज्याला अशा वर्षाला तीस जागा. तीन वर्षं झाली की त्यातले बरेच शहरात जातात. म्हणून "डॉक्टर आहेत का" याबरोबर "किती वर्षं आहेत" हेही विचारा.

व्हॅली फीव्हर हा शब्द पाठ करा. मातीतल्या बुरशीचे कण धुळीबरोबर फुप्फुसात जातात. आठवड्या-तीन आठवड्यांनी ताप, खोकला, प्रचंड थकवा. अमेरिकेतल्या रुग्णांत मोठा वाटा ॲरिझोनाचा, त्यातही फीनिक्स-टूसॉनच्या सखल पट्ट्याचा. गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांना जास्त जपावं लागतं. हा आजार बऱ्याचदा साधा न्यूमोनिया समजला जातो. भारतात सुट्टीला गेल्यावर आजारी पडलात, तर तिथल्या डॉक्टरला "मी ॲरिझोनात राहतो" हे आपणहून सांगा. त्यांच्या डोक्यात हा आजार येण्याचं कारण नाही.

पायरी ४: बालवाडीची पटसंख्या

संकेतस्थळांवरचे शाळांचे गुण मी फारसे मानत नाही. ते बरंचसं पालकांचं उत्पन्न मोजतात. मी एक वेगळा हिशेब सांगते. शालेय जिल्ह्याच्या कचेरीतून दोन आकडे घ्या: किंडरगार्टनमध्ये मुलं किती आणि बारावीत किती. बारावीत शंभर आणि खाली पंचावन्न असतील तर गावात तरुण कुटुंबं येत नाहीत. मूल पाचवीत जाईपर्यंत एखादी शाळा बंद होणार, संगीताचे शिक्षक जाणार, बस लांबणार. प्रेस्कॉट दिसायला सुरेख आहे, पण तिथलं मध्यम वय साठीच्या आसपास आहे. बागेत बाकं भरलेली आणि झोपाळे रिकामे.

चार दिवसांचा आठवडा हा दुसरा धक्का. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतल्या कितीतरी ग्रामीण शाळा सोमवार ते गुरुवारच भरतात. आई-बाबा दोघंही कामावर असतील तर शुक्रवारचं काय, याची सोय आधी बघा.

न्यू मेक्सिको शिक्षणाच्या राष्ट्रीय क्रमवारीत वर्षानुवर्षं तळाशी असतं. हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या मुलीला गणित घरी शिकवावं लागतं. पण दुसरी बाजूही सांगते. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्याने उत्पन्नाची अट न ठेवता मोफत बालसंगोपनाची योजना सुरू केली. (जागा मिळणं ही वेगळी लढाई, पाळणाघरात नाव आधी घाला, घर मग शोधा.) राज्यातल्या सरकारी कॉलेजांत रहिवाशांची शिकवणी फी शिष्यवृत्तीतून भागते आणि शाळेत असतानाच कॉलेजचे विषय विनाशुल्क घेता येतात. गावात छोटं विद्यापीठ असेल तर याचा खरा उपयोग होतो. सिल्व्हर सिटी आम्ही पक्कं केलं त्यामागे वेस्टर्न न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटी हे मोठं कारण होतं: वाचनालय, नाटकं, आणि जगाच्या इतर कोपऱ्यांतून आलेली चार माणसं.

पायरी ५: गावाचा पोशिंदा कोण, आणि तुमचा

या भागातली अर्धी सुंदर गावं तांब्याच्या खाणींनी वसवली. ॲरिझोनातल्या बिस्बीची खाण १९७५ मध्ये बंद झाली, घरं मातीमोल विकली गेली, मग कलाकार आले आणि गाव दुसऱ्यांदा जगलं. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. ज्या गावाचा पगार एकाच ठिकाणाहून येतो त्याला मी जरा लांबूनच नमस्कार करते. खाण आहे, शिवाय विद्यापीठ, रुग्णालय, वनखातं: असे तीन-चार वेगळे पोशिंदे हवेत.

तुमचं काम इंटरनेटवर असेल तर घराच्या नेमक्या पत्त्याला कोणती जोडणी मिळते ते लेखी घ्या. "गावात फायबर आहे" याचा अर्थ तुमच्या टेकडीवर आहे असा होत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी सगळ्यात आधी कंपनीच्या वकिलाशी बोलावं. घरून काम असलं तरी घर दुसऱ्या महानगर क्षेत्रात किंवा गावी हललं की कामाची जागा बदलली असं धरतात, आणि हलण्यापूर्वी कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एकाने आधी सामान हलवलं, मग सांगितलं. पुढचे काही महिने त्याला झोप नव्हती.

पायरी ६: आता घर

पहिल्यांदा घराभोवती चाला. कोरडा ओढा दिसला तर तो नेहमी कोरडा असतो असं समजू नका. साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथला पावसाळा. दहा मैलांवर ढग फुटतो आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना ओढा भरून येतो. आमच्याच गावाची मेन स्ट्रीट १८९५ च्या पुरात वाहून गेली. भोवतालची झाडं खाणींसाठी तोडलेली, गवत गुरांनी चरलेलं, मग पाणी थांबणार कुठे? जिथे दुकानं होती तिथे खोल घळ तयार झाली, लोकांनी मागच्या दारांना पुढची दारं केली. त्या घळीला आज 'बिग डिच' म्हणतात आणि तिथे बाग आहे. पूररेषेचा सरकारी नकाशा बघाच, पण शेजाऱ्यांनाही विचारा.

मग विमा. बोली लावण्याआधी घराच्या विम्याचा दर मागवा. वणव्याच्या पट्ट्यात कंपन्या नाही म्हणतात किंवा हप्ता दुप्पट करतात. भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत जळण्यासारखं काही नको, लाकडाची मोळीही नाही.

जुनी अडोबी घरं, म्हणजे कच्च्या विटांची, आपल्या माळवदाच्या घरांची चुलत भावंडं. जाड भिंती, दुपारी गार, रात्री उबदार. पण बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर सावध व्हा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि भिंत पायथ्यापासून भुसभुशीत होते. तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघणारा तपासनीस शोधा. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा दर काही वर्षांनी करावा लागतो. ते कष्ट मोजूनच किंमत ठरवा.

गारव्यासाठी इथे छपरावर जो डबा असतो त्याला 'स्वॅम्प कूलर' म्हणतात. माझं सासर नागपूरचं, नवऱ्याने तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाला, "अरे, हा तर आपला कूलर!" एसीच्या मानाने वीज फारच कमी, मे-जूनच्या कोरड्या हवेत अप्रतिम. पावसाळी दमट हवा आली की नागपुरात जे होतं तेच इथे: नुसतं चिकट वारं. शिवाय तो पाणी पितो. पाच हजार फुटांवर तो वर्षातले बहुतेक दिवस भागवतो, बाकीच्यांसाठी एखादा छोटा एसी पुरे.

सोलरबद्दल विक्रेत्याचं ऐकून हिशेब करू नका. घरगुती सोलरची ३० टक्के केंद्रीय करसवलत २०२५ संपता संपता बंद झाली. ॲरिझोनात २०१६ च्या निर्णयानंतर ग्रीडला दिलेल्या विजेला विकत घेतलेल्या विजेइतका भाव मिळत नाही. तरीही ऊन फुकट आहे, आणि दुपारची वीज दुपारीच वापरली तर गणित जमतं. पावसाचं पाणी धरणं मात्र निर्विवाद फायद्याचं: हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे सहाशे गॅलन, जवळजवळ २,३०० लिटर. आमची टाकी पावसाळ्याच्या पहिल्या दोन सरींत भरते. त्यावर डाळिंब, अंजीर आणि कढीपत्त्याची एक कुंडी जगते (कढीपत्ता थंडीत घरात).

पायरी ७: काही गावं, माझ्या मतासह

फ्लॅगस्टाफ: विद्यापीठ, पाइनची जंगलं, आणि रात्रीचं आकाश काळं ठेवण्यासाठी २००१ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय' शहर म्हणून मान. घरांच्या किमती शिक्षक-नर्सना परवडत नाहीत. आता लहान गावही म्हणवत नाही.

सेडोना: पाहुण्यांसाठी आहे. २०१६ च्या राज्य कायद्याने शहरांना अल्पमुदतीच्या भाड्यांवर बंदी घालता येत नाही, त्यामुळे घरं पर्यटकांनी भरलेली आणि शाळकरी मुलं कमी.

क्लार्कडेल-कॉटनवुड: व्हर्दे नदीकाठची जोडगावं, ३,३०० फुटांवर, म्हणजे उन्हाळा चांगलाच जाणवतो. पण क्लार्कडेलने पुरेशा पाण्याचा दाखला असल्याशिवाय नवी वसाहत नाही, असा नियम आपणहून लावून घेतला. सक्ती नसताना हे करणारी गावं ॲरिझोनात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सिएरा व्हिस्टा: लष्करी तळामुळे जगभरची माणसं, परवडणारी घरं, चांगले रस्ते. सान पेद्रो नदी वाचवायची की उपसा वाढवायचा, हा वाद तिथे जुना आहे. पाण्याच्या सभेला एकदा बसून या.

लॉस अलामोस, न्यू मेक्सिको: शाळा उत्तम, डॉक्टर उत्तम, घरं महाग, आणि जवळपास सगळं गाव एका प्रयोगशाळेवर. २००० च्या वणव्यात चारशेच्या आसपास कुटुंबं बेघर झाली होती.

बोल्डर सिटी, नेवाडा: हूव्हर धरणाच्या कामगारांसाठी १९३१ मध्ये वसवलेलं गाव, आज वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. जुगाराला बंदी. १९७९ पासून वर्षाला किती नवी घरं बांधायची यावर मर्यादा आहे, आणि गावच्या रिकाम्या जमिनी सोलर प्रकल्पांना भाड्याने देऊन तिजोरी भरते. "आम्हाला मोठं व्हायचं नाही" असं ठरवून त्याला चिकटून राहिलेलं गाव म्हणून मला त्याचं कौतुक आहे. २,५०० फुटांचा उन्हाळा सोसेल तर जरूर बघा.

सिल्व्हर सिटी: वस्ती दहा हजारांच्या आत, उंची सुमारे ५,९०० फूट, मागे हीला जंगल, ज्याचा एक भाग १९२४ मध्ये जगातलं पहिलं अधिकृत 'विल्डरनेस', म्हणजे माणसाने हात न लावता राखलेलं रान, झाला. पाणी विहिरींचं, म्हणून आम्हीही पातळीचे आकडे दरवर्षी मागतो. तज्ज्ञ डॉक्टरसाठी दोन-तीन तास गाडी. भारतीय दुकानासाठी टूसॉन किंवा एल पासो. महिन्याची यादी, मोठा फ्रीझर. मराठी मंडळ फीनिक्सला, म्हणजे वर्षातून दोनदा. गणपती शाडूचा, विसर्जन बादलीत, आणि ते पाणी डाळिंबाला. हॅच गावची मिरची सप्टेंबरात चौकाचौकांत लोखंडी पिंपात भाजतात. तिचा ठेचा केला तर जेवायला आलेला शेजारी पुन्हा येतो. मेस्क्विट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण. तिकडे आपण तिला शिव्या देतो, इथे तिच्या शेंगांचं पीठ विकत मिळतं.

पायरी ८: राहून बघा

फेब्रुवारीत गाव बघून घर घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. फेब्रुवारी इथे सगळ्यांनाच सुंदर दिसतो. तीन फेऱ्या करा: एक मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा वारा आठवडाभर थांबत नाही आणि दातांत रेती येते, एक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सगळं करपलेलं असताना, आणि एक ऑगस्टमध्ये, दुपारच्या वादळात. प्रत्येक फेरीत एक दिवस कामाचा धरा. सकाळी शाळेच्या फाटकापाशी उभं राहा, दुपारी वाचनालयात मुलांच्या गोष्टीच्या तासाला बसा, संध्याकाळी नगरपालिकेची सभा असेल तर मागच्या खुर्चीवर जाऊन बसा. पाण्यावर वीस मिनिटं आणि पार्किंगवर दोन तास वाद झाला तर मी यादीतून ते गाव खोडते.

मग वर्षभर भाड्याने. लहान गावात भाड्याची घरं जाहिरातीत कमी आणि दुकानाच्या फलकावर जास्त असतात, म्हणून को-ऑप किराणा, कपडे धुण्याचं दुकान, चर्चचं आवार इथले कागद वाचा. विद्यापीठाचं गाव असेल तर मे महिन्यात शोधा, तेव्हा घरं रिकामी होतात.

सामान उतरल्यावर पहिल्या आठवड्यात: नळाचं पाणी प्रयोगशाळेत द्या, वाचनालयाचं कार्ड काढा, दवाखान्यात चौघांची नावं नोंदवा. सखल भागात असाल तर पलंगाचे पाय भिंतीपासून लांब ठेवा आणि मुलांचे बूट रात्री अतिनील टॉर्चखाली बघा. विंचू त्या उजेडात हिरवट चमकतो. गाडीत माणशी एक गॅलन पाणी कायमचं, आणि ते दर महिन्याला बदलायचं.